गळ टाकायचा कुठे?

मराठीत माशांवर लेख म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे कोकण येतं, होडी येते, जाळं येतं. इथे त्यातलं काहीच नाही. हा लेख श्रीरामपूरचा आहे, म्हणजे ऊस, साखर कारखाने, पाटाची आवर्तनं आणि शेततळी यांच्या तालुक्याचा. आणि मासे धरायच्या ज्या पद्धतीची बाजू मला घ्यायची आहे, तिला लागतं काय? एक वेळूची काठी, दोन-तीन वाव तंगूस, एक बारका गळ, तरंग्यासाठी ज्वारीच्या ताटाचा तुकडा आणि डबाभर गांडुळं. गळ आणि तंगूस तेवढे विकतचे, बाकी सगळं फुकट. माझं म्हणणं असं आहे की ही पद्धत टिकली पाहिजे, आणि त्यासाठी गावातल्या पाण्याच्या काठावर कुणालाही बसता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. तिथवर पोचायला जरा वळसा घ्यावा लागेल.

तळ्यातला शिकारी मासा गांडूळ लावून धरणं ही अमेरिकेतल्या खेड्यांत पोराटोरांची साधी करमणूक. तिथला तो मासा म्हणजे बास: मोठ्या तोंडाचा, दबा धरून बसणारा, समोर हललेली कोणतीही गोष्ट गिळायला धावणारा. हा मासा शेतकऱ्यांच्या तळ्यांत आपोआप आलेला नव्हता. १९३०च्या दशकात अमेरिकेत जमिनीची धूप भयंकर वाढली, तेव्हा मृदसंधारणासाठी शेतोशेत तळी खोदण्याला सरकारने पाठबळ दिलं. त्याच सुमारास अलाबामा राज्यातल्या ऑबर्नच्या कृषिसंस्थेत होमर स्विंगल नावाचा संशोधक या तळ्यांत कोणते मासे सोडावेत याचे प्रयोग करत होता. त्याला दिसलं ते असं: ब्लूगिल हा छोटा, भराभर वाढणारा मासा एकटाच सोडला तर त्याची पिलावळ माजते, चारा पुरत नाही आणि सगळे बोटभरच राहतात. सोबत बास सोडला, साधारण एका बासमागे दहा-पंधरा ब्लूगिल या प्रमाणात, की तो बारक्यांना खातो आणि उरलेल्यांना वाढायला जागा मिळते. दोन्ही मासे माणसाने काढत राहायचे, तेही या हिशेबातच धरलेलं होतं. म्हणजे शेतकऱ्याच्या घरची माणसं काठी घेऊन तळ्यावर बसतील, हे धरूनच तळ्याची आखणी झाली होती.

आपल्याकडे बासची जागा मरळीची. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला मरळ सांगायला नको, पण शहरी वाचकासाठी दोन शब्द. सापासारखं चपटं डोकं, अंगभर खवले, आणि पाण्याबाहेरच्या हवेवर श्वास घेण्याची सोय. कल्ल्यांच्या वर तिला एक वेगळं इंद्रिय असतं, त्यामुळे ती दर काही मिनिटांनी पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते. पाणी आटलं, गढूळलं, त्यातला प्राणवायू संपला, कटला-रोहू उलटे पडले, तरी मरळ चिखलात तग धरते. गळवाल्याला तिचा पत्ता याच सवयीमुळे लागतो. शेवाळाच्या कडेला एक बुडबुडा, एक मंद वळसा, की समजायचं इथे आहे. मग तिथे गांडुळांचा गुच्छ लावून गळ सोडायचा आणि वाट बघायची. तरंगा नुसता थरथरला तर ते चिल्लर मासे, ते गांडूळ कुरतडत बसतात. तरंगा तिरका होऊन सरळ खाली गेला तर मरळ. तेव्हाही लगेच हिसका द्यायचा नाही. तिला घास नीट तोंडात घेऊ द्यायचा. नवखा माणूस इथेच घाई करतो.

मरळीची आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. पावसाळ्यात ती कडेच्या गवतात जागा साफ करून अंडी घालते आणि नर-मादी पिलांची राखण करतात. तांबूस पिलांचा झुबका पाण्यावर फिरत असतो आणि त्याच्या खाली आईबाप. त्या झुबक्याजवळ काहीही पडलं की राखणीची मरळ त्याच्यावर तुटून पडते, म्हणून त्या दिवसांत तिला धरणं सगळ्यांत सोपं. आणि म्हणूनच ते करायचं नसतं. ती गेली की पिलांचा फडशा इतर मासे पाडतात. समुद्रात पावसाळ्यात मासेमारीबंदी असते ती याच हंगामाच्या तर्काने. गावच्या तळ्यावर तशी बंदी कोण घालणार? तिथे काठावर बसणाऱ्या जुन्या माणसाने नव्याला दिलेला दम एवढाच कायदा. तो दम द्यायला म्हातारा काठावर असला पाहिजे आणि ऐकायला पोरगाही.

आता श्रीरामपूरच्या पाण्याकडे येतो. हे शहर नदीकाठचं नाही. दौंड–मनमाड लोहमार्गावरच्या बेलापूर स्टेशनाभोवती ते वाढलं. स्टेशनाचं नाव अजून बेलापूरच आहे आणि प्रवरा तिथून काही किलोमीटरवर, बेलापूर गावाजवळून जाते. या भागाचं नशीब पालटलं ते भंडारदऱ्याने. १९२६ साली ते धरण पूर्ण झालं आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांना भरवशाचं पाणी मिळालं. या पाण्यावर ऊस आला, हरेगावला साखर कारखाना उभा राहिला, कारखान्याला खंडाने जमिनी गेल्या, त्यातून त्या शेतकऱ्यांचा, म्हणजे खंडकऱ्यांचा, पिढ्यान्‌पिढ्या चाललेला लढा आला. सगळा इतिहास पाटाच्या पाण्यावर उभा आहे. इथल्या बऱ्याच डबक्यांत आणि तळ्यांत मासाही पाटानेच आणला. आवर्तन सुटलं की अंडी-पिलं पाण्याबरोबर चारी-पोटचारीत उतरतात, आवर्तन बंद झालं की मोऱ्यांखालच्या खड्ड्यांत अडकून राहतात. श्रीरामपूरच्या मुलांची गळाची शाळा या खड्ड्यांवर भरायची. भंडारदऱ्याचं अकरा टीएमसी पाणी कुणाला किती, याचे हिशेब संगमनेरपासून पैठणपर्यंतचे लोक एकमेकांना सुनावत असतात. त्या पाण्यातल्या माशाचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

पुढे २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, असं तेव्हाचं मोठ्यात मोठं तळं धरलं तर त्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावतं. अनुदान तेव्हा कमाल पन्नास हजार रुपये होतं. योजनेला मी नावं ठेवणार नाही. उन्हाळ्यात डाळिंबाची बाग जिने वाचवली तिला नावं कोण ठेवणार? पण अमेरिकेतलं शेततळं आणि आपलं शेततळं यांत फरक कुठे पडला ते बघण्यासारखं आहे. तिथे पावसाचं पाणी अडवून मातीच्या तळाचं तळं केलं गेलं. आपल्याकडे अनेक ठिकाणी विहिरीचं किंवा पाटाचं पाणी उपसून प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या खड्ड्यात साठवलं जातं. कागदावर गवत उगवत नाही, गवत नाही म्हणून कीडमुंगी नाही, मरळीला घरट्यासाठी आडोसा नाही. ते पाणी साठवलेलं असतं, नांदतं नसतं. कागदाचा उतार इतका गुळगुळीत की माणूस आत पडला तर स्वतःहून वर येणं कठीण. मुलं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. त्यामुळे तारेचं कुंपण घालणं योग्यच आहे. फक्त एवढं लक्षात घ्यायला हवं की गावातलं बरंच नवं पाणी आता कुंपणाच्या आत गेलं आहे आणि तिथे काठी घेऊन बसणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं.

काही शेतकरी शेततळ्यात मासे सोडतात आणि चांगलं करतात. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली मिळते. हे मासे साठलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरींनी ओडिशात संप्रेरक टोचून त्यांची वीण करून दाखवली, म्हणून आज बीज विकत मिळतं. पण अनेकदा तळ्यात नको असताना चिलापीही येते. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा कुठेही वितो आणि स्विंगलच्या ब्लूगिलसारखाच गर्दी करून खुरटतो. तळ्यात चिलापी माजली की लोक हैराण होतात, पाणी उपसून टाकतात. त्यापेक्षा मातीच्या तळ्यात थोड्या मरळी सोडाव्यात आणि काठावर चार गळवाले बसू द्यावेत, हा उपाय स्वस्त आहे. तोही आंधळेपणाने करायचा नाही. बोटुकली लहान असताना मरळ सोडली तर ती आधी कटला-रोहूच खाईल. आणि मरळ सांगून कुणी परदेशी मांगूर गळ्यात बांधला तर घेऊ नये. तो मासा ओढ्यात निसटला की बाकी काही शिल्लक ठेवत नाही, म्हणूनच त्याच्यावर बंदी आहे.

या सगळ्यावर सज्जन माणसाचा पहिला आक्षेप येतो तो गांडुळाच्या बाजूने. शेतकऱ्याचा मित्र म्हणायचं आणि जिवंतपणी त्याला गळात ओवायचं? या प्रश्नाची टर उडवणारे गळवाले मला आवडत नाहीत. चार्ल्स डार्विनने आयुष्यातलं शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं, १८८१ साली, आणि जमिनीचा वरचा थर या मुक्या प्राण्याने किती घडवला आहे ते दाखवून दिलं. माशालाही वेदना होते. २००३ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून हे तपासलं. त्या माशांनी खाणं टाकलं, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. तेव्हा गळ ही अहिंसा नाही, हे मान्य करून पुढे बोलू. उसाचं पाचट पेटवतो तेव्हा किती गांडुळं मरतात, असं प्रत्युत्तर देता येतं, आणि ते खरंही आहे, पण तो बचाव नव्हे. दुसऱ्याचं पाप मोठं म्हणून आपलं लहान होत नाही.

खरा बचाव वेगळा आहे. गळाने धरलेला मासा घरी जाऊन खाल्ला जातो. युरोप-अमेरिकेत आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही एक नवा शौक आहे: हजारोंची काठी, प्लास्टिकचा रंगीत नकली मासा, धरलेल्या माशासोबत फोटो, आणि मग त्याला परत पाण्यात सोडणं. या मंडळींना गांडूळ आवडत नाही, कारण जिवंत आमिष मासा खोलवर गिळतो आणि सोडून दिल्यावर जगण्याची शक्यता कमी होते. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. पण मासा सोडायचाच होता तर त्याला ओढलं कशाला? स्वित्झर्लंडने २००८च्या प्राणिसंरक्षण नियमांत नेमकं यावरच बोट ठेवलं: सोडून देण्याच्या हेतूने मासा धरणं तिथे मना आहे. त्यांच्याकडे जिवंत माशाला गळाला लावण्यावरही कडक बंधन आहे, आणि तेही मला पटतं. आमिष म्हणून गांडूळ पुरतं, तिथे जिवंत मासा ओवायचं कारण नाही. बेडूक तर मुळीच नको. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपण १९८७ साली बंद केली, कारण शेतातल्या किडींचा बंदोबस्त करणारा हा प्राणी भराभर संपत चालला होता. मासा हाती आला की लगेच डोक्यावर फटका देऊन मारावा, पिशवीत तडफडत ठेवू नये. एवढं पाळणारा माणूस कोंबडी विकत आणणाऱ्यापेक्षा अधिक हिंसक आहे असं मला वाटत नाही. त्याने जीव घेतला ते स्वतःच्या हाताने, डोळ्यांदेखत.

दुसरा आक्षेप रिकामटेकडेपणाचा. काठावर बसलेल्या माणसाला आपल्याकडे उनाड ठरवण्याची रीत आहे. पण कुणाला? ते कळायला इतिहासात जरा मागे जाऊ. श्रीरामपूर तालुक्यातच दायमाबाद आहे, प्रवरेच्या काठी. १९५८ मध्ये हे प्राचीन वस्तीचं स्थळ उजेडात आलं, आणि १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला तिथे तांब्या-काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. उत्तर हडप्पा काळातले लोक तिथे राहून गेले. हडप्पा संस्कृतीच्या गावांत तांब्याचे गळ सापडलेले आहेत, म्हणजे हे हत्यार चार हजार वर्षांहून जुनं. पण गळाचं शास्त्र लिहून ठेवलं ते राजाने. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा ११२९ च्या सुमाराचा ग्रंथ. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद हे एक प्रकरण आहे: माशांच्या जाती, कोणाला कसला चारा, काठी कशी, दोरी कशी, अडकलेला मासा कसा खेळवायचा. १९५१ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या सुंदरलाल होरांनी या प्रकरणाकडे विज्ञानाच्या नजरेने पाहिलं आणि सोमेश्वराची माहिती किती नेटकी होती ते दाखवलं. सोमेश्वरानंतर काही शतकांनी इंग्रज साहेब आला, त्याने 'द रॉड इन इंडिया' लिहिलं, १८७३ साली. राजा गळ टाकत बसला तर विनोद, साहेब बसला तर स्पोर्ट, आणि भिल्लाचा पोरगा बसला तर उंडगेपणा! गांडूळ लावणाऱ्याने स्वतः काही लिहून ठेवलं नाही. त्याला जे माहीत होतं ते काठावरच राहिलं, आणि काठ गेला की तेही जाणार.

त्याच्या जागी येतं काय, तेही पाहा. नदीत जिलेटिनचे बार, विजेच्या तारा, ब्लिचिंग पावडर. हे काही आजचं नाही. पाण्यात स्फोटकं आणि विष घालून मासे मारायला १८९७च्या कायद्यानेच बंदी केली होती. बार लावणाऱ्याला मरळ कुठे वर येते, केव्हा विते, हे काहीएक माहीत असावं लागत नाही. एका स्फोटात मोठा मासा आणि नखभर पिलू सारखंच मरतं, त्यातलं निम्मं गोळाही होत नाही. गळाला हे साधत नाही. एका काठीला एका वेळी एक मासा, तोही मिळाला तर.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि तो ठेकेदाराचा. तलाव लिलावात घेतला, बोटुकली सोडली, खाद्य घातलं, राखणदार ठेवला. आता गावातला कोणीही येऊन गळ टाकणार असेल तर ती चोरी नाही का? भोई समाजाची मच्छीमार संस्था असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. तिथे मासा हा कुणाचा तरी पोटाचा धंदा असतो, आणि हौशी माणसाच्या आनंदासाठी त्यावर घाला घालणं अन्यायाचं. हे मला मान्य आहे. म्हणून रात्रीचे गळ, शंभर गळांची दावण, जाळं, विक्री, हे सगळं ठेकेदाराच्या परवानगीशिवाय चोरीच. पण दिवसाउजेडी, काठावरून, एक काठी, एक गळ, घरी खाण्यापुरतं: एवढ्याने ठेका बुडत नाही. उलट काठावर रोज चार ओळखीची माणसं बसलेली असली तर रात्री ब्लिचिंग टाकायला येणारा बिचकतो. राखणदाराला जे पगार घेऊन जमत नाही ते ही माणसं फुकट करतात. आणि तलाव ठेक्याने गेला म्हणजे विकला गेला असं होत नाही. गावतळी ही साऱ्या समाजाची साधनसंपत्ती आहे, ती राखली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी खटल्यात २००१ साली बजावलं. तो वाद तळ्याची जमीन घरांसाठी देण्याचा होता, गळाचा नव्हता, हे खरं. पण तळं कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. अमेरिकेने तर याहून पुढचा मार्ग काढला. १९५०च्या एका कायद्याने काठ्या, रिळं अशा सामानावरच्या कराचा पैसा मत्स्यसंवर्धनाला बांधून दिला. आपल्याला एवढं करायची गरज नाही. पाच रुपयांच्या गळावर कर कसला बसवणार?

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या विषयांत पाचवा विषय मत्स्यव्यवसाय आहे. त्यामुळे हे काम मुंबईहून शासन निर्णय येण्याची वाट न बघता सुरू करता येतं. तुमच्या गावचा तलाव ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल आणि पुढच्या ग्रामसभेत त्याच्या ठेक्याचा विषय निघाला, तर करारात एवढ्या अटी लिहून घ्या: सूर्योदय ते सूर्यास्त, काठावरून, एका माणसाला एक काठी आणि एक गळ, घरी खाण्यापुरतं, विक्री नाही; पिलांबरोबर असलेली मरळ धरायची नाही; आणि ज्या बाजूने लोक बसतील तिथे पायऱ्या आणि पकडायला एक दोर, ठेक्याच्या रकमेतून. तलाव मत्स्यव्यवसाय विभागाकडे असेल तर हाच ठराव करून त्यांच्याकडे पाठवा. ठेकेदार आधी कुरकुर करील. त्याला सांगा, पहिलं एक वर्ष करून बघू.